सोनाबाईच्या परसातला खड्डा

राही पडली ती सरळ खाली. पाय घसरला, तोल गेला, असं मधलं काही झालंच नाही. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात बाळंतपणाची पेटी, आणि सोनाबाईच्या परसातली जवळची वाट धरून ती झपाझप निघालेली. पुढच्याच क्षणी पायाखालचे नारळाचे झाप मोडले आणि आभाळ एकदम चौकोनी झालं.

"आयो!"

ही किंकाळी तिची नव्हती. आपण खड्ड्यात पडलो हा धक्का होताच. पण खड्ड्यात आधीच कुणीतरी बसलेलं आहे, हा त्याहून मोठा.

"कोन रं ते? म्हस पडली का काय?"

"म्हैस नाही, नर्स आहे!" राही तोंडातली वाळू थुंकत म्हणाली.

"मंग वाचलो. म्हस असती तर माजं काय खरं नव्हतं."

डोळे सरावले तसा समोर एक तरणा गडी दिसला. गुडघे पोटाशी घेतलेले, केसांत झापाची काडी, हातात अर्धी भाकरी. भाकरीवर वाळूचा थर. त्यानं आधी भाकरीकडे दुःखानं पाहिलं, मग राहीकडे. राहीकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

"हा खड्डा काल इथे नव्हता," राही म्हणाली.

"आज हाय."

"आणि झापांनी झाकून ठेवायचा? शिकार करायला बसलाय का?"

"पाऊस आत येतो म्हनून झाकला. शिकार…" तो हसला, "शिकार आजच पयली गावली."

राहीची कानशिलं तापली. तेवढ्यात तिला केसर आठवली. "अहो, केसरला कळा सुटल्यात! मला आधी वर काढा."

त्याचं हसू तिथल्या तिथे मावळलं. भाकरी कोनाड्यात ठेवावी तशी त्यानं मातीच्या भिंतीत खोचली आणि गुडघ्यावर बसला. "द्या पाय."

"कुठे?"

"खांद्यावर. लाजायला येळ हाय का केसरला?"

राहीनं पाय दिला. तो उभा राहिला, आणि पंधरा ऑगस्टला शाळेत झेंडा चढवतात तशी ती सरसर वर चढली. काठावर कोपर टेकून अंग वर ओढलं, त्यानं खालून दिलेली पेटी घेतली आणि धावत सुटली. आभार मानायचे राहिले. नाव विचारायचंही राहिलं.

केसरला मुलगी झाली. गोरीपान, रडकी, आणि बापासारखी रुंद कपाळाची.

संध्याकाळी मंडळाच्या बैठकीला तो गडी हजर! सदऱ्याच्या डाव्या खांद्यावर चिखलाचा एक पाय उमटलेला — पाची बोटांसकट.

"अरे सदा, हे काय?" धर्माजी मास्तरांनी चष्मा सावरला.

"काय न्हाय मास्तर. एक बाई आल्या, पाय देऊन वर गेल्या."

सगळ्या बायका एकदम राहीच्या पायांकडे पाहायला लागल्या. राहीनं पाय लुगड्याखाली ओढून घेतले आणि मनात म्हटलं, धरणीमाते, सकाळी गिळलंस तशी आत्ता गीळ गं.

*

आता हे मंडळ म्हणजे काय, ते सांगायला हवं.

आण्यांऐवजी नवे पैसे आले ते हे साल, सत्तावन्न. पण मंडळ त्याच्या आधीचं, स्वराज्य आल्यावर दुसऱ्या वर्षी रेवदंड्याच्या कोळीवाड्यात निघालेलं. नाव 'सहजीवन मंडळ'. वाड्यातले चावट लोक त्याला 'संडास मंडळ' म्हणत, कारण घराघराच्या मागे संडास व्हावा हा धर्माजी मास्तरांचा ध्यास. मास्तर शाळेतली नोकरी सोडून इथे आलेले. रात्रीचे साक्षरतेचे वर्ग त्यांचे. नीराबाई कोळीण, स्वतःच्या होडीची मालकीण. तिच्या ओट्यावर मंडळ भरायचं आणि तिच्याच चुलीवर मंडळाचं जेवण शिजायचं. राही गेल्या वर्षी आलेली, दाईचं शिक्षण घेऊन. आणि सदा ह्याच वाड्यातला, पण मुंबईला गोदीत गवंडीकाम करून नुकता परतलेला. त्याला मास्तरांनी पहिल्याच दिवशी हातात फावडं दिलं.

मंडळात लहानमोठा कोणी नाही. पुरुषांनी भाकऱ्या थापायच्या, बायकांनी सभेला बसायचं. प्रत्येक पुरुष 'भाऊ', प्रत्येक बाई 'ताई'. आणि काहीही ठरवायचं ते सगळ्यांनी मिळून.

त्या ठरवण्याची एक रीत होती. सुरुवातीला मास्तर हात वर करायला सांगत. पण बायकांच्या एका हातात पदर आणि दुसऱ्यात पोर. हात वर करायचा कुठला? शिवाय चारचौघांत, सासऱ्यादेखत! मग मास्तरांनी खूप विचार करून नवी रीत काढली. ते तीनदा विचारायचे, "हरकत?" ज्याची असेल त्यानं बोलावं. कुणी बोललं नाही की मंजूर, आणि टाळ्या. बायकांची अडचण मिटली. मास्तरांना ह्या रीतीचा फार अभिमान. कुणी पाहुणा आला की सांगायचे, "आमच्या मंडळात आजवर एकदाही हरकत निघालेली नाही!"

राहीलाही ती रीत आवडायची. किती समजूतदार माणसं, असं वाटायचं तिला.

सदा मात्र एक नियम पाळेना. राहीला 'ताई' म्हणेना.

"सदा, नर्सबाई काय? ताई म्हणावं," मास्तर दटावायचे.

"म्हनून बघतो मास्तर. पर जीभ वळत न्हाय."

राही मोठ्या निष्ठेनं 'सदाभाऊ' म्हणायची. श्रावण लागता लागता त्यातला 'भाऊ' कुठेतरी गळून पडला. कुठे, ते तिलाही कळलं नाही, आणि तिनं शोधलंही नाही.

*

एकदा सदाच्या पायात खिळा गेला. राहीनं जखम धुतली, औषध लावलं, पट्टी बांधली. तो रोज संध्याकाळी पट्टी बदलायला यायचा. ओट्याच्या कडेला बसायचा, पाय पुढे करायचा, आणि राही खाली मान घालून पट्टी सोडेस्तोवर दुनियेच्या गप्पा. गोदीतली जहाजं, मुंबईचे इमले, समुद्राचं पाणी चुन्यात गेलं तर भिंत कशी फुगते… राही हुं-हुं करत ऐकायची. पट्टी सोडायला तिला हल्ली जरा वेळच लागायचा.

एके दिवशी तिनं पट्टी सोडली आणि थबकली.

"सदा."

"काय?"

"जखम डाव्या पायाला होती."

"हां मंग?"

"आज तुम्ही उजवा पुढे केलाय."

सदानं आपल्या दोन्ही पायांकडे असं पाहिलं, जणू ते आजच भेटले. मग गंभीरपणे म्हणाला, "डाव्याची एवढी बडदास्त बघून ह्याला पन दुखाया लागलं."

राहीनं हसू ओठांत धरलं, पण डोळ्यांतलं धरता येईना. तिनं त्या धडधाकट उजव्या पायाला कडक आयोडीन फासलं. आणि पट्टीही बांधली. व्यवस्थित गाठ मारून.

सोनाबाईच्या परसातल्या त्या खड्ड्यावर एव्हाना संडास उभा राहिला होता. आतून चिरे रचलेले, वर भांडं बसवलेलं, भोवती झापांचा आडोसा. वाड्यात सगळ्यात देखणा. पण राही एकदा डोकावली तर आत जाळी रचून ठेवलेली. वरून सुक्या बोंबलांची टोपली.

"सोनाबाई, हे काय?"

सोनाबाई, वाड्यातली थोराड, अबोल बाई, नुसती हसली. "जागा कोरडी हाय गो बाय."

राहीनं सदाला सांगितलं. त्याचा चेहरा पडला. "येळ लागतो लोकान्ला सवय व्हायला," तो म्हणाला. पण त्या संध्याकाळी त्यानं गप्पा मारल्या नाहीत.

नारळी पौर्णिमा जवळ आली. पावसाचा जोर ओसरला, नुसती झिमझिम राहिली. ऊन आणि पाऊस एकाच वेळी, नारळाच्या झावळ्यांवरून थेंब ओघळताना मध्येच चमकायचे. चौलच्या बाजूला एका बाळंतिणीला पाहून राही परतत होती, आणि सदा चुन्याची चौकशी करून. वाटेत गाठ पडली. छत्री एकच.

सदानं दांडा हातात घेतला आणि सगळी छत्री तिच्यावर धरली.

"तुम्ही भिजताय."

"भिजू द्या."

"खांदा चिंब झालाय."

"तो तुमचाच हाय. पाय दिलाय तुम्ही त्याच्यावर."

छत्रीवर पाऊस बोलत होता तेवढं पुरे होतं. चालता चालता तिचं कोपर त्याच्या दंडाला लागलं. दोघांनीही ते बाजूला घेतलं नाही.

"नर्सबाई…"

"काय?"

तो थांबला. इतका बोलका माणूस, पण नुसता छत्रीचा दांडा चाचपत राहिला. "एक विचारायचं हुतं…"

"विचारा ना."

"काय न्हाय," तो शेवटी म्हणाला. "चुना उद्याला येनार हाय."

घरी येऊन राही उशीत तोंड खुपसून हसली. उद्या चुना येणार आहे! एवढं गोड वाक्य तिला कुणी म्हटलं नव्हतं.

*

शनिवारची बैठक. स्वैपाकाची पाळी राहीची, म्हणून ती चुलीजवळ बसून ऐकत होती. केसरच्या वाटेवर दगड टाकायचे. हरकत? हरकत? हरकत? मंजूर. रात्रीच्या वर्गाला कंदील आणायचा. मंजूर. चुना आला, तो कुणाच्या पडवीत ठेवायचा? नीराबाईच्या. मंजूर.

"आणखी कुणाचा विषय?" मास्तर म्हणाले.

"माजा हाय," सदा उठला.

राहीनं सहज वर पाहिलं. हातात डाव, डावात गरम पेज.

सदानं सदरा खाली ओढला. घामानं डबडबलेला. खांबाकडे बघत, शाळेत पाठ म्हणावा तसा एका दमात म्हणाला, "मंडळात आडपडदा न्हाय, म्हनून हितंच मांडतो. मला राहीबाईसंगं लगीन करायचं हाय. मंडळानं ठरवावं."



मास्तरांचा चेहरा हळूहळू असा उजळला, जणू पौर्णिमा आजच. "आंतरजातीय!" ते पुटपुटले. "कोळ्यांचा मुलगा, कुणब्यांची मुलगी, त्यात पुनर्विवाह… मंडळाच्या इतिहासातला पहिला! हरकत?"

राहीनं तोंड उघडलं.

आवाजच आला नाही.

म्हसळ्याकडचं घर डोळ्यांसमोर आलं. चौदा वर्षांची ती, खाली मान घालून, सारवलेल्या जमिनीवरच्या बोटांच्या खुणांकडे बघत बसलेली. समोर पाहुणे. मामा विचारत होता, 'काय गो, पसंत हाय ना?' तिला म्हणायचं होतं, मला शाळेत जायचंय. घसा असाच मिटला होता. मामा पाहुण्यांकडे वळून हसला होता, 'गप्प हाय म्हंजे राजी हाय.' त्या एका वाक्यावर तिचं लग्न झालं. दुसऱ्या वर्षी नवरा तापानं गेला. मामा तिचा पाट, म्हणजे दुसरं लग्न, ठरवून आला, तेव्हा त्यानं विचारायच्या आत ती घरातून निघाली होती. शिकली. इथे आली. आता आपल्याला न विचारता काही होणार नाही, अशी जागा सापडली म्हणून आली.

"हरकत?"

बोल, राही. बोल!

"हरकत?… मंजूर!"

टाळ्या कडाडल्या. डावातली पेज राहीच्या पायावर सांडली, तरी तिला कळलं नाही. नीराबाई धावत आली, "माजी बाय गो ती!" म्हणत तिनं राहीच्या तोंडात गुळाचा खडा कोंबला. म्हणजे बोलायची होती नव्हती तेवढी वाटही बंद.

*

किनाऱ्यावर पावसाळ्यासाठी शाकारलेल्या होड्या ओळीनं ओणव्या बसल्या होत्या. एका होडीच्या आडोशाला राही बसली. पायाला भाजलेलं आता चुरचुरायला लागलं होतं.

वाळूत पावलं वाजली. सदा.

"नर्सबाई… चुकलं काय माजं? समदी खूश हायत."

"मी सोडून."

"पर तुम्ही हरकत घेतली न्हाय…"

"मला विचारलं कुणी?"

"विचारलं की! मास्तरांनी तीनदा…"

"मंडळाला विचारलंत!" राही उसळली. एवढा वेळ न फुटलेला आवाज असा फुटला, की ती स्वतःच दचकली. "दगड, कंदील, चुना आणि राही! एका बैठकीत चार विषय मंजूर. मला एकटीला, माझ्याकडे बघून, कधी विचारलंत? तुम्ही खांबाकडे बघत होता. त्या खांबाशी करा लग्न!"

मग राहीनं त्याला ते सगळं सांगितलं. मामा, पाहुणे, सारवलेली जमीन. आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. सांगून झालं तेव्हा सदा ओल्या वाळूत मटकन बसला होता.

"म्हंजे… मी तुमचा मामा झालो."

एवढ्या रागातही राहीला हसू येऊ पाहत होतं, आणि त्याचाच तिला जास्त राग आला. "मामा परवडला. तो समाज सुधारायला निघाला नव्हता."

हा घाव वर्मी बसला.

"येकटं विचाराया जमंना मला," तो हळूच म्हणाला. "त्या दिवशी छत्रीखाली… धाडस झालं न्हाय. म्हटलं बैठकीत सगळ्यान्ला बोलता येतं, मला बी येईल."

"तुम्हाला आलं. मला नाही आलं."

ती उठली. "मुंबईच्या दवाखान्यात जागा आहे. पुढच्या शनिवारी बैठकीत सांगून मी मंडळ सोडणार."

सदानं तिला अडवलं नाही. समजावलंही नाही.

खरी पंचाईत वेगळीच होती, आणि ती राहीनं कुणालाच सांगितली नाही. त्यानं छत्रीखाली विचारलं असतं, तर ती हो म्हणाली असती. चुन्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत म्हणाली असती!

तो आठवडा म्हणजे रोजचा एक धक्का. विहिरीवर गेली की "नवरी आली गो!" केसरनं आपल्या तान्हीच्या बाळलेण्यांतला काळा मणी तिच्या मनगटाला बांधला. कुणी खेकडे आणून दिले, कुणी वेणी. सगळी प्रेमानं बोलत, आणि विचारत कुणीच नव्हतं. राहीनं पेटी भरून ठेवली. सदा दिसला नाही. पट्टी बदलायलाही आला नाही.

*

शनिवारी ओटा गच्च भरला. राही 'माझा विषय' असं म्हणायच्या तयारीनं, मनात शब्द घोटत बसली होती. पण सदाच आधी उठला.

"मास्तर, आपली रीत बदलायची. हितून पुढं जो गप्प ऱ्हाईल त्याचं 'न्हाय' धरायचं."

मास्तर थक्क झाले. "अरे, मग काम कसं चालेल? सगळंच अडेल!"

"अडू द्या."

"बरं… मांडतो. हरकत?"

सगळे गप्प.

"हरकत?… हरकत?… मं…"

"थांबा मास्तर," सदा म्हणाला. "गप्प हायत म्हंजे न्हाय म्हनतायत."

"पण ती रीत अजून मंजूर कुठे झाली?"

"मंग मंजूर तरी कशी हुईल?"

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मागून कुणीतरी फिसकन हसलं. शेवटी नीराबाई म्हणाली, "येकेकाला नाव घेऊन विचारा की वो मास्तर. तोंडं हायत समद्यान्ला. माजं व्हय."

मास्तर वळले. "सोनाबाई?"

सोनाबाईनं पदर सावरला. "बोलू?"

"बोला ना."

"रागावाल."

"नाही रागावणार."

"मला तो संडास नको हुता."

सदाचा चेहरा कुणी चापट मारावी तसा झाला.

"माजं मासं वाळवायचं ठिकान ते," सोनाबाई म्हणाली. "वाऱ्याची तेवढीच जागा हाय परसात. तिकडं पलीकडं केला असता तर चाललं असतं. तुम्ही विचारलंव तवा मी गप ऱ्हायले. मला वाटलं, गप बसलं की मानसाला कळतंय."

आणि मग बांध फुटावा तसं झालं. केसरला रात्रीचा वर्ग नको होता, दुपारचा हवा होता. रात्री तान्ही झोपू देत नाही. आणखी कुणाला मंडळाची पेज आळणी लागायची. नीराबाईनंसुद्धा सांगून टाकलं, की तिच्या पडवीत चुना ठेवला त्यानं तिला रात्रभर खोकला येतो.

मास्तर ऐकत होते. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला. "म्हणजे… इतकी वर्षं हरकत निघाली नाही, ती…" त्यांना वाक्य पुरं करता येईना. ते खुर्चीवरून उठले आणि खाली, बायकांच्या रांगेत, चटईवर येऊन बसले. सोनाबाईनं थोडं सरकून त्यांना जागा करून दिली.

"आन गेल्या शनिवारचा तो विषय," सदा उभ्यानंच म्हणाला, "तो रद्द धरा. तो मंडळाचा नव्हताच. माजा हुता, आन मी चुकीच्या जागी मांडला." तो राहीकडे वळला नाही. पण ह्या वेळी खांबाकडेही पाहत नव्हता. स्वतःच्या पायांकडे पाहत होता.

"राही?" चटईवरून मास्तरांचा आवाज आला. "नव्या रीतीला तुझं काय?"

सगळ्या माना वळल्या. राहीचा घसा मिटू लागला… आणि मग मिटला नाही.

"हो," ती खणखणीत म्हणाली. "रीतीला हो." जरा थांबून, "फक्त रीतीला."

हशा पिकला. सदाही हसला, पण कसनुसा. मुंबईचं मात्र त्या दिवशी राहीच्या तोंडून निघालंच नाही.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सोनाबाईच्या परसात गेली. तीच वाट, पण आता पाहून पाऊल टाकत.

संडासाचा आडोसा निघाला होता. भांडं उचलून बाजूला ठेवलेलं. खड्डा उघडा, आणि खड्ड्यात सदा, एकेक चिरा सोडवून वर ठेवत होता. वापरलाच नव्हता कुणी, त्यामुळे खड्डा नवाकोरा. पलीकडे सोनाबाई बांबूच्या वलांड्या पुन्हा उभ्या करत होती, मासे वाळत घालायला.

राही काठावर येऊन उभी राहिली. ऊन तिच्या पाठीवर होतं. सावली खड्ड्यात, सदाच्या हातावर पडली. त्यानं वर पाहिलं.

"वाईट वाटतंय?" तिनं विचारलं.

"वाटतंय. एवढे सरळ चिरे बसले हुते." तो हसला. मग हसू ठेवून दिलं, त्या दिवशी भाकरी ठेवली होती तसं. चिरा खाली ठेवला. हात झटकले. आणि तोंड वर करून, सरळ तिच्या डोळ्यांत बघत म्हणाला,

"राही."

नर्सबाई नाही. राहीबाई नाही.

"मला तू आवडतीस. म्हस म्हनालो हुतो, त्या येळेपासून. माज्याशी लगीन करशील?"

राही गप्प राहिली.

उत्तर तर ओठांवर होतं. पण एकदा… एकदाच तिला बघायचं होतं. गप्प राहिलं की काय होतं ते.

नारळाच्या झावळ्या सळसळल्या. खाडीवरून वारा आला. सदा वाट पाहत राहिला. घाई केली नाही, पुन्हा विचारलं नाही. मग त्यानं मान हलवली. डोळ्यांत पाणी तरारलं होतं ते त्यानं लपवलंही नाही.

"बरं," तो म्हणाला. "कळलं."

आणि वाकून त्यानं पुढचा चिरा सोडवायला घेतला.

आयुष्यात पहिल्यांदा तिच्या गप्प राहण्याचा अर्थ कुणी आपल्या सोयीचा लावला नव्हता. ह्या माणसानं तिचं न बोललेलं 'नाही' खरं मानलं होतं, उचलून उराशी धरलं होतं आणि मुकाट कामाला लागला होता. मागचा सगळा महिना धक्के खाऊन झाले होते, पण असा गोड धक्का तिला ठाऊकच नव्हता.

"हो," ती म्हणाली.

सदाच्या हातातून चिरा निसटला. "काय?"

"हो!"

"कशाला हो? रीतीला?"

"तुला, खुळ्या! तुला हो!"

"ऐकू न्हाय आलं गो!" वलांडीच्या मागून सोनाबाई ओरडली. एरवी दिवसभरात चार शब्द न बोलणारी सोनाबाई!

राहीनं पदर खोचला, दोन्ही हातांचा कर्णा केला, आणि खाडीपलीकडे मामाला, पाहुण्यांना, त्या सारवलेल्या जमिनीला ऐकू जाईल अशा बेतानं ओरडली, "हो-ओ-ओ! राहीचं हो आहे!"

कुठेतरी कावळे उडाले. केसरची तान्ही दचकून रडायला लागली.

सदा खाली उभा होता, तोंड उघडं, हात चुन्यानं पांढरे, डोळ्यांतलं पाणी आता गालांवर. त्यानं गुडघे वाकवले आणि डावा खांदा पुढे केला.

"वर चढायला नको," राही म्हणाली. "मीच येते."

तिनं चपला काठावर काढून ठेवल्या, त्याच्या खांद्यावर पाय दिला आणि खड्ड्यात उतरली. ह्या खेपेला नीट, आपल्या मनानं.

बराच वेळ वर कुणीच आलं नाही. मग सोनाबाईनं हातातला बांबू जमिनीवर आपटला.

"आता तिथंच संसार मांडू नका. माजा खड्डा बुजवून द्या आधी!"